नंबर नसलेले खांब

आमच्या गल्लीतले दिवे महापालिकेचे की बिल्डरचे, हे ठरेपर्यंत अख्खा पावसाळा निघून गेला. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे ज्या साहेबांबद्दल लिहिणार आहे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे माझी कामं अजून अडकलेली आहेत. आणि तसंही महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाढत्या शहरात अशी गल्ली सापडेल. मुख्य रस्त्यावरून आत वळणारा 12 मीटरचा डीपी (म्हणजे विकास आराखड्यातला) रस्ता, एका हाताला सोसायट्या, दुसऱ्या हाताला पत्रे मारलेला मोकळा प्लॉट आणि शेवटी वस्ती. वस्तीतल्या बायका सोसायट्यांमध्ये धुण्याभांड्याला येतात, सोसायट्यांमधली पोरं त्याच वाटेनं क्लासला जातात. रात्री सगळ्यांना तिथूनच परतायचं असतं.

दिवे एकदम गेले नाहीत. एक गेला, मग शेजारचा, मग एका रात्री सगळी रांगच विझली. आमच्या सेक्रेटरींनी महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली. तिथे खांब क्रमांक भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही आणि आमच्या खांबांवर क्रमांकच नव्हते. म्हणून त्यांनी मुख्य रस्त्यावरच्या खांबाचा नंबर टाकला आणि शेऱ्यात लिहिलं, ‘याच्या मागची गल्ली.’ माणूस आला, मुख्य रस्त्यावरचा दिवा लख्ख पेटलेला पाहिला आणि गेला. संध्याकाळी सेक्रेटरींना मेसेज आला की आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. त्यांनी पुन्हा तक्रार टाकली, पुन्हा निराकरण झालं. महिनाभरात आमच्या गल्लीच्या नावावर निकाली निघालेल्या तक्रारींचा चांगला ढीग जमला. कार्यालयाच्या हिशेबाने आमच्याइतकी उजळलेली गल्ली वॉर्डात दुसरी नसेल.

त्याच सुमारास समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींचं मंगळसूत्र गेलं. मोटरसायकलवरचे दोघे, मागून हिसका, आणि आजी पडल्या त्या कोपर ढोपर फोडून. मुलगा त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेला. तिथे त्यांच्याकडून साधा अर्ज लिहून घेतला, ‘गहाळ’ असा शब्द घालून. याआधीही दोघीतिघींच्या बाबतीत हे झालेलं होतं, पण एकीने सोनं खोटं होतं म्हणून सोडून दिलं, तर दुसरीच्या घरचे म्हणाले की पोलिसांच्या पायऱ्या कोण चढणार. नव्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्यासाठी 304 हे वेगळं कलम आहे, गुन्हा दखलपात्र आहे, तो नोंदवून घ्यावाच लागतो. पण नोंदवायला कुणी गेलं आणि तिथे अडून बसलं, तरच ना. तेव्हा ठाण्याच्या रजिस्टरातही आमची गल्ली शांतच होती. शांत गल्लीला गस्त कशाला?

माझा पेशा हिशेब तपासण्याचा. सीएच्या ऑफिसात वीस वर्षं व्हाउचर पाहून पाहून एक सवय जडली आहे, कागदावर काय आहे ते आधी बघायचं. इथे कागदावर दोन्हीकडे सगळं ठीक होतं. मग आधी कागदच बिघडवायला हवा होता.

आजींच्या मुलाला घेऊन मी पुन्हा ठाण्यात गेले. ‘गहाळ’ नको, ‘हिसकावले’ लिहा, एवढंच म्हणत बसले. ठाणे अंमलदारांनी आधी समजूत घातली, मग जेवून येतो म्हणाले. आम्ही बाकावरून हललो नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा नोंदवून घेतला नाही तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार पाठवता येते. हे मी वाचून गेले होते, पण ते तोंडावर फेकायची वेळ आली नाही. जेवून आल्यावर त्यांनी स्वतःहून एफआयआर लिहायला घेतला आणि आजींना बसायला पंख्याखालची खुर्ची दिली.

महापालिकेचं प्रकरण चिवट निघालं. तेव्हा नगरसेवक नव्हते. राज्यातल्या बऱ्याच महापालिकांसारखा आमच्याकडेही 2022 पासून प्रशासकाचा कारभार होता. वॉर्ड ऑफिसात मी विचारलं, “क्षेत्रसभा कधी असते?” 74 व्या घटनादुरुस्तीनंतर वॉर्ड समित्या आल्या. पुढे 2009 साली राज्याने कायद्यात बदल करून शहरात मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद केली, म्हणजे गावात ग्रामसभा असते तशी. खिडकीतला क्लार्क थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “मॅडम, तुम्हाला ग्रामसभा म्हणायचंय का? ती जिल्हा परिषदेकडे.” त्याचा दोष नाही. त्याच्या नोकरीत त्याने ती कधी भरलेली पाहिलीच नसणार.

क्षेत्रसभा नव्हती, पण महिन्यातून एकदा नागरिकांची बैठक व्हायची. वॉर्ड ऑफिसर, पाणी, ड्रेनेज, रस्ते, विद्युत, अतिक्रमण आणि घनकचऱ्याचे अभियंते किंवा निरीक्षक एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला. पहिल्या बैठकीचा बराचसा वेळ भटक्या कुत्र्यांवर गेला. मग एका काकांनी स्वतःच्या पार्किंगचं भांडण काढलं. विद्युत विभागाच्या कनिष्ठ अभियंत्यांपर्यंत विषय आला तेव्हा चहा आला होता. ते म्हणाले, “खांबाला नंबर नाही म्हणजे तो खांब आमचा नाही. रस्ता हस्तांतरित झाला नसेल. बिल्डरला विचारा.” बिल्डर पोहोचलेला माणूस; त्याचं ऑफिस कधीच दुसऱ्या शहरात गेलं होतं. दिवे त्याच्या मीटरवर होते, बिल थकलं आणि वीज तोडली गेली, इतकंच आम्हाला नंतर समजलं. मी पोलिसांचा विषय काढला तर वॉर्ड ऑफिसर म्हणाले, कायदा-सुव्यवस्था आमच्या अखत्यारीत येत नाही. आणि ठाण्यात गेलं की ऐकायला मिळायचं, ताई, लाइट लावून घ्या आधी, अंधारात आमची गाडी येऊन काय बघणार?

निघताना मी बैठकीचं इतिवृत्त मागितलं. कुणी मागत नसावं, कारण आधी ते सापडेना. सापडलं त्यात प्रत्येक विषयापुढे एकच वाक्य होतं, ‘चर्चा झाली.’ पुढच्या बैठकीत मी उठून एवढंच म्हटलं की विषयासमोर अधिकाऱ्याचं पद आणि तारीख लिहा. पहिल्यांदा हशा झाला. वॉर्ड ऑफिसर मात्र हसल्या नाहीत. त्या बाई नव्याने बदलून आलेल्या होत्या. त्यांनी क्लार्कला नवा तक्ता करायला सांगितला. त्या तक्त्याने काय केलं ते खरं तर फार बारीक आहे. पुढच्या खेपेला त्यांनी वाचून दाखवलं, “विषय चार, विद्युत, रस्त्याच्या मालकीची खातरजमा, मुदत संपली,” आणि सगळं सभागृह त्या कनिष्ठ अभियंत्याकडे बघायला लागलं. त्या दिवसापासून तो माझे फोन उचलायला लागला.

मालकीची खातरजमा अखेर माहिती अधिकारातून झाली. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून दोन गोष्टी मागितल्या, या रस्त्याच्या ताबेपावतीची प्रत आणि ‘निराकरण’ झालेल्या तक्रारींवर प्रत्यक्ष काय काम केलं त्याची नोंद. तीस दिवसांच्या मुदतीच्या अगदी काठावर उत्तर आलं. दुसऱ्या मुद्द्याला ‘माहिती उपलब्ध नाही.’ पहिल्या मुद्द्याला मात्र ताबेपावतीची झेरॉक्स होती, सही-शिक्क्यासकट. बिल्डरने रस्त्याची जागा कधीच ताब्यात दिली होती. कागद दुसऱ्या मजल्यावर मालमत्ता विभागात पडून होता, विद्युत विभाग तळमजल्यावर. मधे एक जिना.

पोलिसांच्या बाजूची गंमत वेगळी. गणपतीच्या आधी ठाण्यात शांतता समितीची बैठक असते. पुढच्या रांगेत ठरलेली माणसं, मंडळांचे अध्यक्ष, माजी नगरसेवक, दोन डॉक्टर. हार, श्रीफळ, सहकार्याचं आश्वासन, फोटो. मी गेले ती आमच्या सोसायटीतल्या निवृत्त फौजदारांबरोबर. ते कोपऱ्यात बसून पुटपुटत होते की ही समिती नव्हे, सत्कार समारंभ आहे. परतताना त्यांनी भिवंडीचं सांगितलं. 1984 ची दंगल ज्या गावाने बघितली, तिथे 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. फौजदारांच्या म्हणण्याप्रमाणे त्यातलं मर्म माणसं निवडण्यात होतं. पुढाऱ्यांना टाळून मागावर काम करणारे, रिक्षावाले, दुकानदार, बायका, दोन्ही समाजांचे, रोज एकमेकांच्या दारावरून जाणारे लोक त्यांनी एकत्र बसवले. मुंबई जळत होती त्या डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या सुरू झाल्या. “आपल्याला दंगल थांबवायची नाही,” फौजदार म्हणाले, “पण गल्लीत रात्री कोण असतं ते पुढच्या रांगेला विचारून कळणार नाही.”

हे वाक्य मला तेव्हा अर्धंच समजलं. उरलेलं संयुक्त पाहणीत समजलं.

एफआयआर झाला होता, ताबेपावती हातात होती. दोन्हीच्या प्रती जोडून मी वॉर्ड ऑफिसर आणि पोलीस निरीक्षक दोघांनाही एकच पत्र दिलं, एकमेकांना प्रत असं खाली लिहून. मागणी एकच, दोघांनी एकत्र येऊन गल्ली बघावी. विद्युतवाल्यांनी दुपारी चारची वेळ दिली. दिवे नसल्याची पाहणी भर उन्हात! मी रात्री साडेआठ मागितली, तर ऑफिसची वेळ नाही म्हणे. निरीक्षकांना विचारलं तेव्हा ते फोनवरच म्हणाले, “अंधार बघायचाय ना? मग अंधारातच येतो.” पोलिसांची गाडी येणार म्हटल्यावर सगळी खाती आली.

त्या रात्री गल्लीत उजेडाचा एकच ठिपका होता. पत्र्याच्या कुंपणाला लागून एक मावशी ऑम्लेट-पावची गाडी लावतात. बॅटरीवरचा एक एलईडी बल्ब, काठीला तारेनं बांधलेला. बल्बभोवती किडे, खाली तवा, अंड्यांचे ट्रे, कांदा चिरायची पाटी, बाजूला पाण्याचा निळा कॅन. क्लासहून येणारी पोरं, रिक्षावाले, वस्तीतली कामावरून येणारी माणसं असे चारपाच जण नेहमी उभे असतात. कनिष्ठ अभियंता मोबाइलच्या टॉर्चने खांब बघत चालले होते आणि त्यांच्यामागे खडूने क्रमांक टाकत त्यांचा वायरमन. आमचे सेक्रेटरी मात्र गाडीसमोर थांबले आणि निरीक्षकांना म्हणाले, “साहेब, मूळ कारण हे. असल्या गाड्यांमुळे टवाळ पोरं जमतात. ही उचलायला सांगा, अर्धा प्रश्न सुटेल.” अतिक्रमण निरीक्षकांनी मान हलवली. सोसायटीने तसं लेखी निवेदन आधीच दिलेलं होतं; मी त्यावर सही केली नव्हती आणि त्यावरून माझ्याशी दोन घरांनी बोलणं टाकलं होतं.

निरीक्षक मावशींकडे वळले. दरडावले नाहीत. “किती वाजेपर्यंत असता?”

“साडेधापर्यंत. पाव संपले तर आधी.”

“पोरं दारू पितात ती इथे?”

“इथे कशाला पितील? इथे तुमच्यासारखी माणसं येतात.” मावशींनी उलथन्यानेच पत्र्याच्या पलीकडे दाखवलं. “तिकडं वॉचमनची पडकी खोली आहे. मी गाडी आवरली की मगच येतात ते. मी असेपर्यंत नाही.” मग विचारायच्या आतच त्या बोलत गेल्या. कुठल्या दोन मोटरसायकली शनिवारी येतात, पत्रा कुठे वाकवून वाट केली आहे, आजी पडल्या त्या दिवशी त्या जत्रेला गावी गेल्या होत्या आणि गाडी बंद होती. हवालदार वहीत लिहून घेत होते. मला आठवतं, मी सेक्रेटरींकडे पाहिलं नाही, फौजदारांकडे पाहिलं. ते ऑम्लेट खात होते.

या बाईला महापालिकेच्या बैठकीचं बोलावणं कधी आलं नव्हतं आणि शांतता समितीचं तर येणारच नव्हतं. गल्लीवरच्या निवेदनात मात्र तिचा उल्लेख होता, ‘उपद्रव’ म्हणून. मला वाटतं नागरिक सहभाग म्हणून जे काही चालतं त्यातली खरी मेख इथे आहे. बैठकीला येतो तो फ्लॅटवाला, ज्याला सकाळी अकराला सुट्टी काढता येते. तो गल्ली बाल्कनीतून बघतो. जी माणसं गल्लीत उभी असतात त्यांना तिथून हटवायची मागणी तो करतो, आणि ती मागणी पूर्ण करणं प्रशासनाला दिवे लावण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. 2014 च्या फेरीवाला कायद्यात सर्वेक्षण झाल्याशिवाय आणि विक्री प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणाला हटवू नये असं आहे, पण हे त्या रात्री तिथे कुणी बोललं नाही, मीच बोलले, आणि अतिक्रमण निरीक्षकांनी “बघू” म्हटलं.

त्यांनी बघितलं. दोनच आठवड्यांत एका सकाळी गाडी उचलून नेली. ती सोडवून आणण्यात मावशींचा दंड गेला आणि धंदा बुडाला तो वेगळाच. त्या दिवसांत गल्ली कशी होती ते वस्तीतल्या बायकांना विचारा. त्या लांबच्या वाटेने फिरून जात होत्या. पुढच्या बैठकीत मी हा विषय तक्त्यात घालायला लावला आणि पहिल्यांदाच वस्तीतल्या तिघी बैठकीला आल्या, कारण मी वेळ संध्याकाळची मागून घेतली होती. त्यांच्यातली एक बोलली, फार थोडं. “मावशीची गाडी असली की मी पोरीला एकटी पाठवते.” वॉर्ड ऑफिसर बाईंनी पेन खाली ठेवलं. आता गाडी सोसायटीच्या गेटपासून जरा पुढे, वस्तीच्या बाजूला लागते. सेक्रेटरी या तडजोडीवर खूश नाहीत. मावशीही नाहीत, तिकडे गिऱ्हाईक कमी.

दिवे लागले. सगळे नाही, पण बहुतेक. महापालिकेचं मीटर आलं, खांबांवर पिवळ्या रंगात क्रमांक आले. आता ॲपवर तक्रार टाकता येते आणि ती खरोखर निकाली निघते, हे मी दोनदा करून पाहिलं आहे. पडक्या खोलीचा पत्रा प्लॉटमालकाला नोटीस देऊन दुरुस्त करून घेतला. दारूचं मात्र पूर्ण संपलं नाही. दुकान कोपऱ्यावरच आहे, पोरं आता दुसऱ्या आडोशाला जातात. आडव्या बाटलीची, म्हणजे मतदानाने दारूचं दुकान बंद करण्याची, चर्चा बायकांनी काढली होती. मतदान मागायचं तर आधी प्रभागातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. गावात ते जमतं, शहरातल्या प्रभागात मतदारयादी घेऊन दारोदार फिरणं हे वेगळंच काम आहे. अजून कुणी अंगावर घेतलेलं नाही.

पोलिसांनी गस्तीसाठी क्यूआर कोड लावला. बीट मार्शल तो मोबाइलने स्कॅन करतात, म्हणजे कितीला येऊन गेले ते ठाण्यात दिसतं. लावला कुठे, तर आमच्या सोसायटीच्या गेटवर, ट्यूबलाइटखाली. मार्शल गेटपर्यंत यायचे, स्कॅन करायचे आणि वळायचे. निरीक्षकांना सांगून तो शेवटच्या खांबावर नेला, आता त्यांना अख्खी गल्ली पार करावी लागते. बीटचे हवालदार सारखे बदलतात. गणपती, नवरात्र, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, कुठलाही बंदोबस्त निघाला की बीटवरचा माणूस उचलला जातो आणि नव्या माणसाला गल्ली पहिल्यापासून समजावून सांगावी लागते. ग्रुपही आहे एक, ठाण्याने काढलेला. त्यावर सुप्रभात फार येतात. तरीही एकदा रात्री क्लासच्या पोरीच्या मागे कुणी लागल्याचा मेसेज आला तेव्हा गाडी लगेच आली. मेसेज टाकणाऱ्या बाईंनी 112 ला फोनही केला होता, त्यामुळे गाडी नक्की कशाने आली ते सांगता येत नाही.

टोकाचे दोन खांब अजून बंद आहेत, वस्तीच्या तोंडावरचे. तिथली केबल बिल्डरने टाकलीच नव्हती, नवीन टाकायला खोदाई लागेल, खोदाईला रस्ते विभागाची परवानगी लागेल. हा विषय तक्त्यातून सारखा पुढे ढकलला जात होता, म्हणून मी लोकशाही दिनात अर्ज दिला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्त स्वतः ऐकतात, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. अर्ज परत आला. शेरा होता, ‘तक्रार वैयक्तिक स्वरूपाची नाही.’ नियम तसाच आहे, सार्वजनिक गाऱ्हाणं तिथे चालत नाही. तेव्हा आता वस्तीतली एक जण आपल्या नावाने अर्ज करते आहे, ‘माझ्या घरी जाण्याच्या वाटेवर, माझ्या दारासमोर’ असं लिहून. मी फक्त जोडपत्रं लावून दिली.

मधल्या काळात, जानेवारी 2026 मध्ये, निवडणुका झाल्या आणि नगरसेवक आले. आमच्या गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स लागला आहे, ‘माननीयांच्या अथक प्रयत्नांतून पथदिव्यांची सोय.’ दिवे लागले तेव्हा माननीय कुठे होते ते राहू दे. मी त्यांना जाऊन भेटले, अभिनंदन केलं आणि उरलेल्या दोन खांबांच्या खोदाईचा कागद पुढे ठेवला. फ्लेक्सवर ‘सर्व पथदिवे’ असं छापलेलं आहे हेही दाखवलं. त्यांनी कागद ठेवून घेतला आणि पीएला तारीख लिहायला सांगितली.